लिहिणाऱ्याला परवाना हवा का?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)



मध्यंतरी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा पुण्याहून फोन आला. ती तिथे एका कंपनीत टेक्निकल रायटर आहे. आपल्याकडे या कामाला अजून रूढ नाव नाही. यंत्र कसं चालवायचं, औषध किती पाण्यात मिसळायचं, फॉर्म कुठे आणि कसा भरायचा, हे वाचणाऱ्याला कळेल अशा रीतीने लिहून देणारा माणूस, एवढं समजा. ती म्हणाली, "सर, डॉक्टरला सनद लागते, वकिलाला लागते, सीएला लागते. आमच्या कामात मात्र कोणीही उठतो आणि लिहायला बसतो. आम्हालाही प्रमाणपत्राची सक्ती असावी की नाही?"

मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. पटकन हो किंवा नाही म्हणायची सवय नाही. म्हटलं, "थोडा वेळ दे."

मग जरा वाचलं. अमेरिकेत या लोकांची 'सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन' नावाची मोठी जुनी संस्था होती. तिने या व्यवसायासाठी परीक्षा आणि प्रमाणपत्र सुरू केलं होतं. सक्तीचं नव्हतं, पण होतं. आणि २०२५ च्या जानेवारीत ती संस्थाच दिवाळखोरीत निघाली, बंद पडली. म्हणजे प्रमाणपत्र भिंतीवर आहे आणि ते देणारा जगात नाही! हे वाचल्यावर मला वाटलं, इतक्या लांब कशाला जायचं? दुसऱ्यासाठी कोणी लिहायचं, आणि लिहिलेलं बरोबर आहे हे कोणी ठरवायचं, हा प्रश्न आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात दीडशेच्या वर वर्षं चालू आहे. त्याचा इतिहास बघितला तर मुलीला उत्तर देता येईल. आजचं व्याख्यान म्हणजे ते उत्तर आहे.

सुरुवात जुन्या कागदापासून करू. मोडीतला एखादा खरेदीखताचा किंवा कर्जरोख्याचा कागद तुम्ही पाहिला असेल. शेवटी दोन गोष्टी असतात. एक, देणाऱ्याची निशाणी. कुणब्याला सही येत नसे, म्हणून तो नांगराचं चित्र काढी. 'निशाणी नांगर' असं बाजूला लिहिलेलं असे. दुसरी गोष्ट, 'बिकलम अमुक'. म्हणजे कागद ज्याच्या लेखणीतून उतरला त्याचं नाव. मला ही पद्धत फार महत्त्वाची वाटते. ज्याच्यासाठी लिहिलं तो कागदावर आहे, आणि ज्याने लिहिलं तोही आहे. उद्या भांडण झालं तर दोघांनाही बोलावता येतं.

आता यावरून जुना काळ फार न्यायाचा होता असं कोणी समजू नये. लेखणी ठरावीक घरांत वतनाने चालत होती. देशावर कुलकर्णी, आपल्याकडे पटवारी. एका बाजूला लिहिणारा आणि दुसऱ्या बाजूला अख्खं गाव न वाचणारं. काय लिहिलंय ते सांगणाराही तोच. महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या लेखणीच्या मक्तेदारीवर आसूड ओढला आहे. निरक्षर शेतकऱ्याला कागदाच्या बळावर कसं नागवलं जातं, हे त्यांनी बारकाईनं दाखवलं. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन बंद केलं आणि पगारी तलाठी नेमले. त्याच शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजातल्या काही जणांना वकिलीच्या सनदा दिल्या. या दोन्ही गोष्टी मी एका दमात सांगतोय, त्याला कारण आहे. परवाना म्हणजे नेहमीच कुंपण असतं असं नाही. ज्याला आत येऊच दिलं नव्हतं त्याच्या हातात सनद दिली की तेच कुंपणाचं फाटक होतं. म्हणून 'परवाना चांगला की वाईट' असा सरसकट प्रश्न विचारून उपयोग नाही. तो कोणाच्या हातात आहे आणि कशाची हमी देतो, हे विचारायला पाहिजे.

आता आपल्या मुलखात येऊ. १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. पुढे जमाबंदी झाली. मेजर ल्युसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ चा आहे. या मध्य प्रांतातल्या जमाबंदीनं एक वेगळा कागद रूढ केला, 'वाजिब-उल-अर्ज'. गावच्या चालीरीती, वहिवाटीचे हक्क, पाण्याचे, रस्त्याचे, रानाचे, हे त्यात लिहायचे. त्याच्या जोडीला 'निस्तार'. निस्तार म्हणजे घरच्या गरजेपुरतं जंगलातून घ्यायचा हक्क: जळाऊ लाकूड, नांगर-बंडीचं लाकूड, बांबू, गवत, गुरांची चराई. मालगुजारी गेली १९५१ मध्ये, पण निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन्ही शब्द १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आजही आहेत.

आता विचार करा. हा कागद कोणी लिहिला असेल? सरकारी कारकुनाने. सांगितलं कोणी? गावकऱ्यांनी; त्यातले बरेच गोंडी किंवा माडिया बोलणारे. मध्ये दुभाषा. जे लिहिलं गेलं तो हक्क झाला. जे लिहायचं राहिलं ते पुढे 'अतिक्रमण' झालं. एखादा कारकून संध्याकाळी थकला असेल, त्याने दोन ओळी गाळल्या असतील, तर त्या दोन ओळींची किंमत तीन-चार पिढ्यांनी दंड भरून दिली. अगदी कोरड्या, नोंदीच्या, तांत्रिक म्हणावं अशा लिखाणाने माणसाचं रान जाऊ शकतं, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगावं लागत नाही.

माझ्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीला, आमच्या तालुक्याच्या गावी कचेरीसमोरच्या झाडाखाली अर्जनवीस बसत. तुमच्यातल्या वयस्कांनी ते चित्र पाहिलेलं असेल. बसायला सतरंजी, पुढे उतरती लाकडी पेटी, टाक, दौत, कोर्ट फीची तिकिटं. त्यांच्याकडे सरकारी परवाना असे. देशात निरनिराळ्या प्रांतांत अर्जनवीसांसाठी नियम झालेले होते: परवाना, नोंदवही, ठरलेली फी, अर्जाखाली स्वतःची सही. दस्त लिहिणाऱ्यांसाठी केरळने तर १९६० मध्ये स्वतंत्र परवाना नियम केले. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीला वाटतं तसा हा प्रश्न नवा नाही. लिहिणाऱ्याला परवाना देण्याचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे, अजूनही चालू आहे.

त्या प्रयोगात काय दिसलं? मी शाळा सुटली की तिथे जाऊन उभा राही. परवानेवाल्या काकांचं अक्षर मोत्यासारखं. भाषा भारदस्त. 'मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी', 'सबब विनंती की', सगळं जिथल्या तिथे. लिहून झालं की ते अर्ज वाचून दाखवत आणि विचारत, "बरोबर आहे ना?" समोरचा माणूस दर वेळी म्हणे, "हो जी." मी एकदाही 'नाही' ऐकलं नाही. त्याला त्यातलं निम्मं कळलेलं नसे. कळलं नाही म्हणायची हिंमत नसे. मागे रांग असे. मग अंगठा. खाली वाक्य ठरलेलं: मजकूर वाचून दाखविला, समजला, बरोबर आहे.

पलीकडे चहाच्या टपरीवर परवाना नसलेला एक तरुण बसायचा. मॅट्रिक नापास. तो साध्या भाषेत लिहायचा आणि फार प्रश्न विचारायचा. धुऱ्याचं भांडण असेल तर सायकल काढून शेतावर जाऊन धुरा बघून यायचा. लोक असली कामं त्याच्याकडे नेत. पण एक सांगतो. त्याचा एखादा अर्ज फसला की तो कुठेच सापडत नसे. कागदावर नाव नाही, नोंदवहीत नोंद नाही. परवानेवाल्या काकांना निदान कचेरीत बोलावून जाब विचारता येई. म्हणजे एकाकडे जबाबदारी होती पण आस्था कमी, दुसऱ्याकडे आस्था होती पण जबाबदारी नाही. परवान्याने जबाबदारी आणली, आस्था आणि समज आणता आली नाही. हे ध्यानात ठेवा.

आता दुसऱ्या एका ठिकाणी जाऊ, खाली खाणीत. चंद्रपूर हा कोळशाचा जिल्हा. वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकातली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, दुर्गापूर. खाणीत कोणीही उठून साहेब होऊ शकत नाही. १९५२ च्या खाण कायद्याखाली झालेल्या कोळसा खाण विनियमांनुसार मॅनेजर, ओव्हरमन, सरदार, शॉटफायरर या सगळ्यांना सक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. परीक्षा धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची. सरदार म्हणजे आपल्या भागातल्या छताची, वायूची, हवेची तपासणी करणारा माणूस. छत ठोकून त्याचा आवाज ऐकायचा आणि ठरवायचं, माणसं आत सोडायची की नाही.

आता गंमत बघा. हा सरदार तपासणीनंतर अहवाल लिहितो. कायदा सांगतो: बांधीव वहीत लिहा, पानांना क्रमांक हवेत, सही आणि तारीख हवी. सुटं पान चालत नाही, कारण सुटं पान बदलता येतं. माझ्या मते हा जगातला अत्यंत शुद्ध असा तांत्रिक लेखक आहे. आणि त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे! पण कशाचं? छत ओळखण्याचं. अक्षराचं नाही, भाषेचं नाही. त्याने पाहिलं, म्हणून त्याने लिहायचं, आणि पाहणारा आणि लिहिणारा एकच असल्याने वही विश्वासाची ठरते.

त्याच खाणीच्या फाटकावर फलक असतात. १९५२ च्या कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि ठरवून दिलेल्या भाषांत लावावा लागे. कायद्याने फलकाची भाषा ठरवली. पण तो गोषवारा मजुराला कळतो का, हे तपासण्याची तरतूद मला त्यात दिसत नाही. फलक लावला की काम संपलं. अर्जनवीसाच्या 'वाचून दाखविला, समजला' या वाक्याचाच हा मोठा भाऊ.

हे हलक्यानं घेऊ नका. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते आठवा. कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात. कारणं अनेक होती. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, औषधांची मिश्रणं, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, पंप जोरकस. एकट्या माहितीपत्रकावर दोष टाकणं बरोबर होणार नाही. पण माहितीपत्रक होतं कुठे? १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्याबरोबर पत्रक द्यावं लागतं, हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत. डब्यावर विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. नियमात सगळं आहे. पण ते पत्रक एकदा उलगडून बघा. मुंगीएवढं अक्षर, घडीवर घडी, आणि भाषा अशी की मलाच दोनदा वाचावी लागली. फवारणारा असतो रोजंदारीवरचा मजूर. डबा फोडतो मालक किंवा दुकानदाराने सांगितलेला माणूस. ज्याच्या अंगावर औषध उडतं त्याच्या हातात कागद पोचतच नाही.

त्या पत्रकाखाली 'बिकलम' कोणाचं आहे? कोणाचंच नाही. कंपनीचं नाव आहे, पत्ता आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक चांगली गोष्ट केली. वस्तूबरोबर योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा नसेल तर उत्पादकाला जबाबदार धरता येतं. हे स्वागतार्ह आहे. पण ते नुकसान झाल्यावर. आधी कोणी त्या मजुरासमोर बसून विचारलं का, "बाबा, यातून तुला काय कळलं?"

आता कोणी म्हणेल, म्हणूनच लिहिणाऱ्याला सक्तीची परीक्षा ठेवा. थांबा. आणखी दोन गोष्टी सांगतो, दोन्ही गडचिरोलीच्या.

पहिली तुम्हाला माहीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला. गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना प्रशिक्षण दिलं. जंतुदोष ओळखून गरज पडल्यास इंजेक्शनसुद्धा देण्याचं. पदवी नसलेल्या बाईच्या हातात सुई? हा आक्षेप साहजिक होता. पण त्यांच्या कामावर सतत देखरेख होती, प्रत्येक बाळाची नोंद होती, आणि निकाल मोजला जात होता. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी. त्या बायांची परीक्षा एकदाच झाली नाही. प्रत्येक बाळागणिक झाली. एकदा पास होऊन जन्मभर मोकळं होण्यापेक्षा ही परीक्षा कितीतरी कडक.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या फजितीची आहे.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात सामूहिक हक्कांच्या यादीत 'निस्तार' हा आपला शब्द थेट आला आहे. नियम २००८ चे. त्या नियमांत पुराव्याबद्दल एक क्रांतिकारक गोष्ट आहे. कागद नसेल तरी चालेल. गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं तर तोही पुरावा. २०१२ च्या सुधारणेनं हेही स्पष्ट केलं की उपग्रहाचं चित्र बाकीच्या पुराव्याला पूरक म्हणून वापरा, त्याच्या जागी नको. दीडशे वर्षं कागदाने बोलण्याला दाबलं होतं, इथे कायद्याने बोलण्याला उभं केलं.

तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावाने सामूहिक दावा लिहून द्यायला मला बोलावलं. प्रोफेसर साहेब लिहितील म्हणजे बरोबरच लिहितील! दोन दिवस राहिलो, लोकांना विचारलं, टिपणं काढली, आणि घरी येऊन चांगला बारा पानी मसुदा केला. मोह, टोळ, तेंदू, बांबू, बोडी, चराई, देवाची जागा, सगळं. चतुःसीमा लिहिली. पूर्वेला 'नाला' असं लिहिलं.

ग्रामसभेत तो वाचायला बसलो. एक तरुण माझ्या एकेका वाक्याचं गोंडीत करून सांगत होता. पूर्वेच्या सीमेला आला आणि अडला. पुन्हा वाचलं, पुन्हा अडला. मला वाटलं, माझी भाषा जड झाली. तेवढ्यात मागे बसलेली एक म्हातारी आजी म्हणाली, "कोनता नाला जी? दोन हायेत." गोंडीत दोन्ही नाल्यांना वेगवेगळी नावं होती. मी ती ऐकलीही होती. पण मराठीत आणताना दोघांचा 'नाला' करून टाकला. आणि मंडळी, त्या दोन नाल्यांच्या मध्येच गावाचं बांबूचं सगळं रान होतं. अलीकडचा नाला धरला असता तर ते रान माझ्या एका शब्दाने गेलं असतं. माझ्याकडे डॉक्टरेट होती. नाला आजीकडे होता.

मी मसुदा खाली ठेवला आणि म्हटलं, "आता तुम्हीच बोला जी, मी लिहितो." पुढचे चार तास तेच चाललं. नाल्यांची गोंडी नावं देवनागरीत लिहिली. तीन ठिकाणी सीमा बदलली. माझी 'पारंपरिक उपजीविका', 'सहजीवन' वगैरे वाक्यं लोकांनी काढायला लावली नाहीत, पण त्यांच्याकडे कोणी लक्षही दिलं नाही. शेवटी मी विचारलं, "बरोबर आहे?" या वेळी लगेच 'हो जी' आलं नाही. लोक आपसांत बोलले. एकाने एक वाक्य परत वाचायला सांगितलं. मग 'हो' आलं. कचेरीसमोरच्या झाडाखाली जे 'हो जी' मी लहानपणी ऐकलं होतं, त्याच्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक होता. इथे लोकांना 'नाही' म्हणता येत होतं.

आपल्या जिल्ह्यात याचं सगळ्यात ठळक उदाहरण धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं या गावात अभ्यास गटाची पद्धत रुजली. कायदा, नियम, जंगल, सगळं एकत्र बसून समजून घ्यायचं, आणि निर्णय सर्वसहमतीने. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. तरी बांबू विकायची वेळ आली तेव्हा पुन्हा कागदच आडवा आला. वाहतूक परवाना! टीपी कोणी लिहायची? वनखात्याने की ग्रामसभेने? अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत टीपीचं पुस्तक गावाच्या हाती दिलं. पुढे २०१२ च्या नियमांनी ही गोष्ट सगळ्या ग्रामसभांसाठी पक्की केली. ज्या गावांसाठी पिढ्यानपिढ्या दुसरेच लिहीत आले, ती आता स्वतः परवाना लिहू लागली. इथे लिहिण्याचा अधिकार जंगल सांभाळण्याच्या जबाबदारीतून आला. त्याच्यासाठी कोणी मराठीचा पेपर घेतला नाही.

आता थोडं माझ्या विषयातलं. आपल्या न्यायदर्शनात शब्द हे ज्ञानाचं एक प्रमाण मानलं आहे. पण कोणाचाही शब्द नाही, आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हे. भाष्यकार वात्स्यायनानं दिलेला अर्थ असा: ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांहून जुनं हे वाक्य आहे, आणि ते किती मोकळं आहे बघा! जन्म, कुळ, पीठ, पदवी काही विचारलेलं नाही. या कसोटीवर आपली माणसं उभी करा. खाणीतला सरदार आप्त आहे. नाला सांगणारी आजी आप्त आहे. टपरीवरचा तरुण धुरा बघून आला त्या दिवशी आप्त होता. मी माझ्या बारा पानांसह त्या सकाळी आप्त नव्हतो.

तर विद्यार्थिनीला मी दिलेलं उत्तर असं.

लिहिलेल्या सूचनेबद्दल दोन प्रश्न असतात. एक, हे खरं आहे का? दोन, हे कळतं का? पहिल्याचं उत्तर ज्याने ती गोष्ट जाणली आहे तो देईल: रसायनशास्त्रज्ञ, सरदार, आजी. तिथे जीव धोक्यात असेल तर त्या जाणकाराला प्रमाणपत्र जरूर लागू दे, जसं खाणीत आहे. दुसऱ्याचं उत्तर फक्त वापरणारा देईल: फवारणी करणारा मजूर, फॉर्म भरणारी बाई. लेखकाच्या प्रमाणपत्राने यातल्या एकाही प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळत नाही. सक्तीने मात्र एक गोष्ट नक्की होईल. टपरीवरचा तरुण आणि ग्रामसभेतला दुभाषा बाहेर पडतील, आणि भारदस्त भाषा आत राहील.

अपवाद मी मान्य करतो. जिथे वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याची चूक पकडताच येत नाही, तिथे परवाना हवा. जातपडताळणीसाठी लोक आजोबांचा मोडी कागद घेऊन वाचणाऱ्याकडे जातात. त्याने 'मान्या' ऐवजी 'माना' वाचलं तर त्यांना कळणारही नाही. तिथे शिकलेला, नाव-गाव असलेला, जबाबदार माणूसच पाहिजे. कोर्टातल्या भाषांतराचंही तेच.

बाकी ठिकाणी परवान्याऐवजी दोन गोष्टींची सक्ती करावी असं माझं मत आहे. पहिली, बिकलम. लिहिणाऱ्याचं नाव कागदावर. आता तर मोबाईलमधलं यंत्र अर्ज लिहून देतं. मग ज्या माणसाने तो तपासून पुढे पाठवला त्याचं नाव. दुसरी, वाचून दाखवणं, पण खरंखुरं. ज्यांनी वापरायचं त्यांच्यातल्या पाच-दहा जणांसमोर, त्यांच्या भाषेत, आणि 'नाही' म्हणायची मोकळीक देऊन. कुठे कोण अडलं, काय बदललं, याची नोंद बांधीव वहीत. कीटकनाशकाच्या पत्रकाला ही अट घातली तर खर्च किती येईल? डबा विकण्याच्या जाहिरातीपेक्षा खासच कमी.

विद्यार्थिनी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "सर, ते सगळं ठीक. पण प्रमाणपत्र असलं की पगार वाढतो, मीटिंगमध्ये लोक ऐकतात. इंजिनिअर आम्हाला शेवटच्या आठवड्यात कागद देतात आणि म्हणतात, जरा इंग्रजी नीट कर. वापरणाऱ्याला भेटायचं म्हटलं तर परवानगी नाही."

यावर मी गप्प झालो, कारण ती खरं बोलत होती. तिची तक्रार मानाची आहे आणि ती रास्त आहे. ज्याला आप्त होऊ दिलं जात नाही, त्याच्याकडून आप्तवाक्याची अपेक्षा करायची, हा अन्याय आहे. तिला मी एवढंच सांगितलं की मागायचंच असेल तर आधी हे मागा: यंत्र हाताळू द्या, वापरणाऱ्याला भेटू द्या, आणि खाली आमचं नाव घाला. एवढं मिळालं तर प्रमाणपत्र ऐच्छिक राहिलं तरी तुमचं काही अडणार नाही. आणि एवढं मिळालं नाही तर प्रमाणपत्र मिळूनही तुम्ही झाडाखालचे काका व्हाल: अक्षर मोत्यासारखं आणि समोर मान हलवणारा माणूस.

ती म्हणाली, नाव घालायचं कंपनी मान्य करणार नाही. मी म्हटलं, विचारून बघ. अजून तिचा फोन यायचा आहे.

इथे थांबतो. आपल्यात काही निवृत्त तलाठी आणि खाणीतले लोक बसलेले दिसताहेत. माझं कुठे चुकलं असेल तर आता सांगा, म्हणजे शब्दांकनात दुरुस्त करता येईल.